वऱ्हाडातील आडनावे: गावाची, वतनाची आणि लोकांनी दिलेली

अमरावती जिल्ह्यात चांदूर नावाची दोन गावे असल्याने एकाला ‘बाजार’ आणि दुसऱ्याला ‘रेल्वे’ हे ओळखपद जोडले गेले. माणसांच्या आडनावांतही वेगळेपण दाखवण्याची हीच गरज दिसते. शेंडगावी 1876 साली जन्मलेल्या डेबूजी झिंगराजी जाणोरकर यांचे आडनाव ‘कर’ या प्रत्ययाने, म्हणजे गावाच्या नावाला लागून तिथला रहिवासी सुचवणाऱ्या शब्दांशाने, तयार झालेले आहे. परंतु हाती सतत असणाऱ्या गाडग्यामुळे, म्हणजे मातीच्या भांड्यामुळे, लोकांनी त्यांना गाडगेबाबा म्हटले आणि आडनाव मागे पडले, हे लोकांनी दिलेल्या नावाच्या सामर्थ्याचे वऱ्हाडातील सर्वांत ठळक उदाहरण होय. पापळ येथील डॉ. पंजाबराव देशमुख यांच्या घराण्याचे मूळ आडनाव कदम होते. देशमुखी हे परगण्याच्या महसुलाशी निगडित वंशपरंपरागत अधिकारपद, म्हणजेच वतन, आणि त्याच पदाचे पुढे आडनाव झाले. चांदूर बाजार तालुक्यातील माधानचे संत गुलाबराव महाराज मोहोड घराण्यातले, तरी ते स्वतःला ज्ञानेश्वरकन्या म्हणवीत. वाचकांनी आपल्या घरातील जुन्या सातबाऱ्यांत व लग्नपत्रिकांत मूळ आडनाव शोधून पाहावे आणि ते लिहून ठेवावे.