पोरांनी बनवलेल्या बिनइंजिनाच्या गाड्या संग्रहालयात

बेअरिंगची गाडी आपल्यापैकी बऱ्याच जणांनी उतारावर पळवली असेल. मोडली की ती चुलीत जायची. अमेरिकेत मात्र पोरांच्या अशा गाड्या संग्रहालयात जपून ठेवल्यात.

१९३३ साली ओहायो राज्यातल्या डेटन शहरात मायरन स्कॉट या वृत्तपत्र छायाचित्रकाराला घरच्या गाड्या पळवणारी पोरं दिसली. त्यातून पुढच्या वर्षी देशपातळीवर 'सोप बॉक्स डर्बी' शर्यत सुरू झाली. साबणाच्या लाकडी खोक्यांची गाडी, म्हणून हे नाव. १९३५ पासून शर्यत अॅक्रन शहरात भरते. जिंकलेल्या जुन्या गाड्या तिथंच बघायला मिळतात.

गाडीला इंजिन नाही, पेडल नाही. उतारावरच ती पळते. गाडी पोरानं स्वतः बनवायची, हा मूळ नियम. पण बक्षिसापायी मोठी माणसं मध्ये पडली. १९७३ साली विजेत्या गाडीच्या नाकात विद्युतचुंबक निघाला! सुरुवातीला गाड्या लोखंडी फळीला टेकून उभ्या असतात. फळी खाली पडली की चुंबकामुळं ही गाडी पुढं खेचली जायची. एक्स-रे काढल्यावर लबाडी उघडी पडली, बक्षीस गेलं. चुंबकामागं पोराच्या नातेवाईकाचा हात होता.

आता तिथं तयार किट मिळतं. नट-बोल्ट आवळले की गाडी तयार. पोरांनी करवतीनं कापलेलं लाकूड बघायचं तर संग्रहालयातल्या जुन्या गाड्यांकडंच जावं लागतं.