निरपराधांचे प्रायश्चित्त

सोलापूर जिल्ह्यातील पंढरपुरास १ मे १९४७ रोजी साने गुरुजींनी प्राणांतिक उपोषण आरंभिले. अस्पृश्य मानलेल्या भक्तांस विठ्ठलाचे मंदिर खुले व्हावे, एवढीच त्यांची मागणी होती. त्या मंदिराचे द्वार काही गुरुजींनी बंद केलेले नव्हते. तरीही समाजाच्या पापाचे प्रायश्चित्त त्यांनी आपल्या देहावर घेतले. मंदिर खुले करण्याचे मान्य झाले, तेव्हा १० मे रोजी उपोषण सुटले.

आपण न केलेल्या अपराधाचे ऋण आपण का फेडावे? समाजवादी विचारांच्या गुरुजींनी या प्रश्नाचे उत्तर कृतीने दिले. महायुद्धानंतर जर्मनीतील समाजवादी लोकशाही पक्षाच्या पुढाऱ्यांसमोरही हाच प्रश्न उभा होता, आणि तेथे ऋण होते साठ लाख ज्यूंच्या हत्येचे.

पक्षाचे अध्यक्ष कुर्ट शूमाखर यांनी नाझी छळछावण्यांत जवळजवळ दहा वर्षे काढिली होती. १९४९ साली पश्चिम जर्मनीच्या नव्या संसदेत चॅन्सेलर आडेनाउअर यांचे पहिले निवेदन झाले. त्यात ज्यूंच्या संहाराविषयी फारच थोडे सांगितले गेले, असे शूमाखर यांनी दुसऱ्याच दिवशी सुनाविले. तथापि त्यांचाही मार्ग सरळ नव्हता. १९५१ साली वाफेन एस. एस. या नाझी सैन्यदलातील माजी सैनिकांच्या प्रतिनिधींची त्यांनी भेट घेतली. ज्यांनी हिटलरची चाकरी केली, त्यांच्यासह राष्ट्र उभारावयाचे होते आणि त्यांची मतेही हवी होती.

१९५२ साली शूमाखर वारले. त्यानंतर थोड्याच दिवसांत इस्रायलला ३ अब्ज मार्क देण्याचा करार झाला. १८ मार्च १९५३ रोजी तो संसदेपुढे आला, तेव्हा २३९ मते अनुकूल, ३५ प्रतिकूल पडली. ८६ सभासद तटस्थ राहिले. सरकारच्याच बाजूचे अनेकजण कचरले. विरोधी बाकांवरील समाजवादी लोकशाही पक्ष मात्र एकमुखाने कराराच्या पाठीशी उभा राहिला.

याच पक्षाचे विली ब्रांट पुढे चॅन्सेलर झाले. १९३३ सालीच त्यांनी नाझी राजवटीतून देशांतर केले होते. ७ डिसेंबर १९७० रोजी वॉर्सा येथील ज्यूंच्या स्मारकासमोर ते नि:शब्दपणे गुडघे टेकून बसले. मायदेशी पुष्कळांस ही कृती अतिरेकी वाटली.

कायद्याने द्वार उघडविता येते, द्रव्याने काही भरपाईही होते. परंतु अपराध आपल्या समाजाचा आहे, हे कोणीतरी आतूनच मान्य करावे लागते. पंढरपुरास काय किंवा वॉर्सास काय, ते ज्यांनी केले, त्यांचे हात निर्मळ होते.