सुवर्णमध्याचा कवी

दोन पक्षांतील तंटा मिटला की ‘सुवर्णमध्य निघाला’ असे म्हणण्याचा मराठीत प्रघात आहे. इंग्रजीच्या वाटेने आलेला हा शब्दप्रयोग मूळचा होरेस या रोमन कवीचा. मात्र त्याला तडजोड मुळीच अभिप्रेत नव्हती. वादळाच्या भयाने नाव खडकाळ किनाऱ्याला खेटून हाकू नये आणि धाडसाच्या भरात ती खोल समुद्रातही लोटू नये; मोडकी झोपडी नको, तसाच लोकांच्या डोळ्यांत सलणारा प्रासादही नको, एवढाच त्याचा आशय होता. उंच वृक्षाला वारा अधिक झोडपतो, हे होरेस केवळ ग्रंथांतून शिकला नव्हता.

इ.स.पूर्व ६५ मध्ये व्हेनुसिया येथे जन्मलेल्या या कवीचा बाप एकेकाळचा गुलाम. मुक्त झाल्यावर लिलावातील वसुलीचे काम करून त्याने संसार चालविला आणि मुलाला गावच्या शाळेत न घालता थेट रोमला नेऊन शिकविले. पुढे अथेन्सला शिकत असताना होरेस ब्रूटसच्या सैन्यात शिरला. इ.स.पूर्व ४२ मध्ये फिलिपीच्या लढाईत त्या पक्षाचा पराभव झाला; परतून पाहतो तो वडिलार्जित घर गेलेले, जमीनही गेलेली. अखेर सरकारी खजिन्यात त्याने लेखनिकाची जागा मिळविली.

पुढे मायसीनास या धनाढ्य मुत्सद्द्याचा आश्रय लाभला आणि सॅबाइन टेकड्यांत एक शेतही मिळाले. दुसऱ्याच्या दानावर बसून संतोषाचे गोडवे गाणे सोपे, हा आक्षेप येथे रास्तच आहे. परंतु याच मायसीनासने रोमला परतण्याचा आग्रह धरला, तेव्हा स्वातंत्र्य गमवावे लागणार असेल तर दिलेले सारे परत घ्यावे, असे होरेसने पद्यपत्रातून कळविले. ऑगस्टसने देऊ केलेले चिटणीसपदही त्याने नाकारले. सम्राटाला नकार देणारा माजी कारकून! अर्थात त्याच सम्राटाच्या सांगण्यावरून इ.स.पूर्व १७ मधील महोत्सवाचे गीत त्याने रचले, हेही विसरता येत नाही.

दिवस ‘खुडून’ घेण्याच्या त्याच्या सल्ल्यामुळे अनेकांना तो चार्वाकाचा रोमन अवतार वाटतो. पण तो सल्ला बाबिलोनी ज्योतिषाच्या आकड्यांत आपले आयुष्य शोधणाऱ्या एका स्त्रीला उद्देशून आहे. शिवाय खुडणे ही मळ्यातली क्रिया. पिकलेले फळ वेळेवर खुडायचे असते, झाड ओरबाडायचे नसते.

या साऱ्या संतोषामागे कोणाचे श्रम होते? त्या शेतावर आठ गुलाम राबत होते. गुलामाच्याच या मुलाला हा प्रश्न बोचत असावा. कारण एका उपरोधिका त्याने आपल्या दावुस नावाच्या गुलामाच्याच तोंडी घातली आहे. गुलामांना मोकळेपणाने बोलण्याची मुभा देणारा सॅटर्नेलियाचा सण आहे. वासनांच्या आणि बड्यांच्या आमंत्रणांच्या मागे धावणारा धनीच खरा गुलाम, असे दावुस सप्रमाण सिद्ध करतो. होरेसला त्याचे खंडन करता येत नाही. तो चिडतो, मारायला दगड शोधतो, आणि येथून ताबडतोब चालता हो, नाहीतर शेतावर नववा गडी म्हणून धाडीन, अशी धमकी देऊन कविता तेथेच संपवितो.