धारवाडच्या पाद्र्याचा माग

धारवाडात किट्टेल यांच्या नावाचं कॉलेज आहे. बंगळूरला मेयो हॉलजवळ त्यांचा पुतळा आहे. १८९४ साली मंगळूरला बासेल मिशनने काढलेला त्यांचा कन्नड-इंग्रजी कोश, सुमारे सत्तर हजार शब्दांचा, कन्नडचे अभ्यासक आजही उघडतात. कोशकार म्हणून फर्डिनांड किट्टेल सर्वांच्या ओळखीचे आहेत. पण १८५३ साली ऐन एकविशीत धारवाडची वाट धरणारा हा तरुण कुणाचा कोण होता? घरात कोण होतं, लग्न कुणाशी झालं, मुलाबाळांचं पुढे काय झालं? या प्रश्नांची उत्तरं पुतळ्यात नाहीत आणि कोशातही नाहीत. ती आहेत नोंदवह्यांत. त्या लिहिणाऱ्या कारकुनांना आणि पाद्र्यांना आपण इतिहास लिहितोय असं कधी वाटलंही नसेल. एकाने बाप्तिस्म्याची तारीख लिहिली, दुसऱ्याने लग्नाची, तिसऱ्याने बोटीवर चढल्याची. दीडशे वर्षांनी ते सगळे कागद शेजारी शेजारी ठेवले की त्यातून एक माणूस उभा राहतो. मला याचं नवल वाटायचं थांबत नाही.

सगळ्यात आधी एक गोष्ट ध्यानात घ्यावी लागते. कोणती नोंद सापडेल, हे त्या माणसाच्या श्रद्धेवर ठरतं. उदाहरणार्थ, एकोणिसाव्या शतकातल्या इंग्रज बॅप्टिस्ट पाद्र्याचा माग काढताना जीव मेटाकुटीला येतो. तान्ह्या मुलाला बाप्तिस्मा द्यायचा नाही, माणसाने जाणत्या वयात स्वतः कबुली देऊन तो घ्यायचा, हा त्यांच्या पंथाचा कणा. आता इंग्लंडात १ जुलै १८३७ पर्यंत जन्माची सरकारी नोंदच नव्हती. होती ती चर्चमधली बाप्तिस्म्याची वही. म्हणजे बॅप्टिस्ट घरात जन्मलेलं पोर त्या वहीत येतच नाही. पंधरा-वीस वर्षांनी कुठल्याशा नदीत बुडी मारून वर येतं, पुष्कळदा तेव्हा कुठे कागदावर उमटतं.

आपल्या भाषेशी ज्याचं जवळचं नातं आहे असा बॅप्टिस्ट पाद्री म्हणजे विल्यम कॅरी. बंगालात सेरामपूरला बसून त्यांनी १८०५ साली मराठीचं व्याकरण छापलं, १८१० साली कोश छापला, तोही मोडी अक्षरांत. पंडित वैजनाथ यांची त्यात मोलाची मदत होती. या कॅरींचे वडील एडमंड विणकर होते आणि पुढे गावच्या चर्चचे कारकून झाले. घर चर्च ऑफ इंग्लंडचं, त्यामुळे १७६१ साली जन्मलेल्या विल्यमचा बाप्तिस्मा तान्हेपणीच झाला. १० जून १७८१ रोजी पिडिंग्टन गावच्या चर्चमध्ये डोरोथी प्लॅकेटशी लग्न झालं, त्याची नोंदही आहे. त्या काळच्या कायद्याने क्वेकर आणि ज्यू सोडून सगळ्यांना लग्न सरकारमान्य चर्चमध्येच लावावं लागे, म्हणून लग्नाच्या वह्यांत भिन्न पंथांचे लोकही सापडतात. त्या पानावर डोरोथीच्या सहीच्या जागी एक फुली आहे. पुढे डझनावारी भाषांत पुस्तकं छापणाऱ्या माणसाच्या नवरीला लग्नाच्या दिवशी सही येत नव्हती, हे ती फुली आपल्याला सांगते. कुठल्याही चरित्रापेक्षा मला ती फुली बोलकी वाटते.

मग ५ ऑक्टोबर १७८३. कॅरी बॅप्टिस्ट झाले आणि नॉर्दम्प्टनला नेन नदीत त्यांनी पुन्हा बाप्तिस्मा घेतला. एकाच माणसाचे दोन बाप्तिस्मे, दोन वेगळ्या पंथांच्या हिशेबात! त्यांचा मुलगा फेलिक्स मात्र बॅप्टिस्ट घरातलाच. त्याचा बाप्तिस्मा २८ डिसेंबर १८०० रोजी हुगळीच्या पाण्यात झाला, त्याच दिवशी कृष्ण पाल नावाच्या सुताराचाही. इंग्रज पाद्र्याचा मुलगा आणि बंगाली सुतार एका तारखेखाली येतात.

आता धारवाडकडे वळू. इथे आलेले पाद्री बॅप्टिस्ट नव्हते, ते होते स्वित्झर्लंडमधल्या बासेल मिशनचे. मिशन १८१५ साली निघालं, १८३४ साली मंगळूरला उतरलं, १८३७ साली धारवाडला आणि १८३९ साली हुबळीला आलं. इंग्लंडात जन्माची सरकारी नोंद सुरू झाली त्याच वर्षी हे लोक धारवाडात घर मांडत होते. या भागाला मिशनच्या कागदांत नाव होतं ‘दक्षिण मराठा’. कन्नड बोलणारी धारवाड, हुबळी, बेटगेरी, गुळेदगुड्ड ही गावं बासेलच्या दप्तरात मराठ्यांच्या मुलखात बसली, कारण पेशवाईनंतर हा प्रदेश मुंबई इलाख्यात गेला होता आणि इंग्रजही त्याला तेच म्हणत. आजचा मराठी वाचक त्या दप्तरात शिरला तर ही पाटी वाचून चमकेल.

बासेलवाल्यांची लिहायची रीत थक्क करणारी होती. मिशनच्या शाळेत ज्याला घेतलं त्याचं नाव एका मोठ्या ‘बंधूंच्या वही’त चढे आणि त्याला एक क्रमांक मिळे. जन्मगाव, जन्मतारीख, आधीचा धंदा, शाळेत आल्याचं साल, कुठे पाठवलं, लग्न, मृत्यू, सगळं त्या क्रमांकापुढे. अर्ज करताना प्रत्येकाला स्वतःच्या हातानं आपली जीवनकथा लिहून द्यावी लागे. त्यामुळे कॅरींसारख्या इंग्रज चांभार-पाद्र्याची पहिली वीस वर्षं धुंडाळावी लागतात, तर दक्षिण जर्मनीतल्या वुर्टेंबर्गच्या एखाद्या विणकराच्या किंवा शेतकऱ्याच्या पोराने आपली वीस वर्षं पानं भरून लिहून ठेवलेली असतात. बासेलला येणारे बहुतेक तसेच, कारागीर आणि शेतकरी घरांतले. किट्टेल मात्र वेगळे. ते उत्तर जर्मनीत समुद्राजवळच्या पूर्व फ्रिसियातले. एप्रिल १८३२ मध्ये रेस्टरहाफे गावी पाद्री गॉटफ्रीड किट्टेल यांच्या घरी त्यांचा जन्म झाला. चांगलं शालेय शिक्षण झालेलं, भाषांची गोडी असलेलं पोर. १८५० साली बासेलला दाखल झालं आणि तीन वर्षांत हिंदुस्थानला निघालंही.

वहीतला लग्नाचा रकाना सगळ्यात रंजक आहे. तरुण मिशनऱ्याला आल्या आल्या लग्न करता येत नसे. दोन-एक वर्षं काम करून दाखवायचं, मग बासेलच्या समितीकडे परवानगी मागायची. समिती मुलीची चौकशी करी, पसंती-नापसंती ठरवी, आणि पुष्कळदा नवरी बोटीने आल्यावरच दोघं एकमेकांना पहिल्यांदा पाहत. किट्टेल यांचं लग्न १८६० साली पाउलीन आयथ हिच्याशी झालं. थोड्याच वर्षांत ती वारली. नंतर १८६७ साली त्यांनी युली आयथ हिच्याशी लग्न केलं, ती पाउलीनची सख्खी बहीण. वंशावळ जुळवणारा नवखा माणूस इथे हमखास अडखळतो. दोन बायका आणि माहेरचं नाव एकच? लिहिणाऱ्याची चूक तर नाही? ती चूक नव्हे. आपल्याकडे मेव्हणीशी लग्न लावण्याचं कुणाला फारसं नवल वाटत नाही, पण इंग्लंडात वारलेल्या बायकोच्या बहिणीशी लग्न करायला कायद्याची मोकळीक मिळाली १९०७ साली. तेव्हा किट्टेल यांच्या जागी इंग्रज बॅप्टिस्ट पाद्री असता, तर त्याच्या वहीत ही ओळ आलीच नसती.

दुसरा गुंता याच्या उलट आहे. मिशनच्या कागदांत पाउलीन वाइगले नावाची एक बाई भेटते आणि पुढे पाउलीन म्योग्लिंग नावाची. दोघी एकच. माहेरची बाकमाइस्टर. पहिला नवरा गॉटफ्रीड वाइगले १८५५ साली वारला, मग त्याचा नात्यातला भाऊ हर्मन म्योग्लिंग याने तिच्याशी लग्न केलं आणि तिच्या मुलांना आपलं मानलं. म्योग्लिंग म्हणजे ज्यांनी १८४३ साली ‘मंगळूर समाचार’ हे कन्नडमधलं पहिलं वर्तमानपत्र काढलं तेच. नाव बदललं की बाई हरवते, ही जगभरच्या वंशावळींतली जुनी अडचण. तिला माहेरच्या नावाने धरून ठेवायचं, हे शोध घेणाऱ्याने पहिल्या दिवशी शिकायचं असतं.

मुलांची पानं वाचवत नाहीत. १८५३ पासून मिशनची पद्धत अशी झाली की मुलं शाळेच्या वयाची झाली की त्यांना युरोपात पाठवायचं. बासेलला त्यांच्यासाठी खास घर होतं. आई-बाप धारवाडला, सहा-सात वर्षांचं पोर बोटीवर. भेट पुन्हा किती वर्षांनी, कुणालाच ठाऊक नसे. याची दुसरी बाजू वुर्टेंबर्गच्या चर्चमध्ये दिसते. तिथे १८०८ पासून प्रत्येक कुटुंबाला एक पान देऊन त्यावर आई, बाप, मुलं सगळ्यांची नावं लिहायची पद्धत पडली. अशा घरात धारवाड-हुबळीला जन्मलेली मुलगी सून म्हणून आली, की जर्मन खेड्यांच्या नावांच्या रांगेत एकदम आपल्या मुलखातलं गाव उभं राहतं.

इथल्या सरकारी कागदांत हा माग वेगळ्याच तऱ्हेने तुटतो. धारवाड मुंबई इलाख्यात, मंगळूर मद्रास इलाख्यात आणि मडिकेरी असलेला कुर्ग प्रांत तिसऱ्याच कारभाराखाली. इंग्रज अमदानीत गोऱ्या ख्रिस्ती लोकांच्या बाप्तिस्मा, लग्न, दफन या नोंदींच्या नकला इलाख्यावार लंडनला जात आणि आज त्या ब्रिटिश लायब्ररीत इलाख्यावारच लावलेल्या आहेत. किट्टेल या तिन्ही भागांत राहिले. आजच्या नकाशात ते एकाच कर्नाटकात राहिले, पण दप्तराच्या हिशेबाने तीन मुलखांत. म्हणून धारवाडच्या पाद्र्याचा शोध घेणाऱ्याने आधी त्या वर्षी कोणतं गाव कुणाच्या कारभारात होतं ते बघावं, नाव नंतर शोधावं.

आणि कागद हातात आला तरी तो वाचायचा कसा? बासेलच्या दप्तरातली पत्रं, अहवाल आणि वह्या जुन्या जर्मन वळणदार लिपीत आहेत. आजच्या बहुतेक जर्मन माणसांना ती लागत नाही. पेशवे दप्तरातली मोडी आपल्याला लागत नाही तसंच. लिपी शिकलेल्या मोजक्या माणसांच्या जोरावर हा सगळा खजिना उभा आहे, इथेही आणि तिथेही. बासेलचं हे दप्तर आता ‘मिशन २१’ या संस्थेकडे आहे, आणि मिशनऱ्यांनी काढलेली धारवाड-हुबळीची जुनी छायाचित्रं इंटरनेटवर कुणालाही पाहता येतात.

गंमत अशी की किट्टेल स्वतःच वंशावळी जुळवणारे होते, फक्त शब्दांच्या. १८७२ साली ‘इंडियन अँटिक्वरी’त त्यांनी संस्कृत कोशांत शिरलेल्या द्राविडी शब्दांवर लिहिलं. शब्दाचं घराणं कोणतं, तो कुणाकडून कुणाकडे आला, यात त्यांचं आयुष्य गेलं. १८९६ साली ट्युबिंगेन विद्यापीठाने त्यांना सन्मान्य डॉक्टरेट दिली आणि त्याच गावी डिसेंबर १९०३ मध्ये ते वारले.

आपल्याकडे वंशावळ राखायची रीत युरोपियनांनी आणली असं मात्र कुणी समजू नये. धारवाड, बेळगाव, कोल्हापूर, सांगली या पट्ट्यात हेळवी आहेत. सुगीच्या सुमाराला बैलावरून किंवा गाडीतून ते ठरलेल्या घरांच्या दारी येतात, चोपडी उघडतात आणि मूळ पुरुषापासून नावं वाचत सुटतात. मागच्या खेपेनंतर जन्मलेलं पोर विचारून घेतात, चढवतात, धान्य घेतात, पुढच्या गावाला जातात. सही नाही, शिक्का नाही, तरी घराण्याचं मूळ गाव कोणतं आणि कुठल्या भावाने कुठे स्थलांतर केलं हे त्यांच्याकडे मिळतं. त्र्यंबकेश्वर, पंढरपूरच्या क्षेत्रोपाध्यायांच्या वह्या तर आपल्यापैकी पुष्कळांनी पाहिल्या असतील. अमेरिकेतल्या युटाच्या वंशावळी संस्थेने जर्मन चर्चच्या वह्यांची मायक्रोफिल्म केली आणि हरिद्वारच्या पंड्यांच्या वह्यांचीही. बासेलच्या वहीत पाद्र्याच्या बायकोला जागा आहे, मुलींनाही आहे. आपल्या चोपड्यांत मुली बहुधा नाहीत. हेळव्यांच्या नातवंडांनी ही उणीव भरून काढली तर फार मोठं काम होईल, असं मला मनापासून वाटतं.

पहिलं महायुद्ध सुरू झालं तेव्हा जर्मन मिशनरी शत्रू ठरले. कित्येकांना अहमदनगरच्या छावणीत ठेवलं आणि मग मायदेशी धाडलं. बासेलच्या वहीतली धारवाडची ओळ तिथे तुटते. पण चर्च थांबली नाहीत. ती इथल्या माणसांनी चालवली, आणि त्यांचा माग काढायला बासेलला जावं लागत नाही. चन्नप्पा उत्तंगी हे नाव घ्या. १८८१ साली धारवाडात जन्म, बासेल मिशनचे पाद्री, कन्नड कवी सर्वज्ञ याची वचनं गावोगाव फिरून जमवून १९२४ साली छापणारे संपादक, आणि १९४९ साली गुलबर्ग्याच्या कन्नड साहित्य संमेलनाचे अध्यक्ष. त्यांचं आडनावच गावाचं नाव आहे, आपल्याकडच्या ‘कर’वाल्या आडनावांसारखं. उत्तंगी हे गाव बळ्ळारीच्या बाजूचं, हडगली तालुक्यातलं. धर्म बदलला, पेशा बदलला, गाव मात्र नावात राहिलं. हुबळी-धारवाडच्या कुणा ख्रिस्ती घराला आपलं मूळ शोधायचं असेल, तर आडनावातलं गाव आधी विचारावं. मग चर्चची जुनी बाप्तिस्म्याची वही काढावी आणि त्यात बापाचं आधीचं नाव लिहिलंय का ते पाहावं. त्यानंतर त्या गावच्या हेळव्याला गाठावं. बासेलची जर्मन वही त्यानंतर उघडली तरी चालेल.