सिम८००एल मॉड्यूलचा वीजपुरवठा व त्याचे निरीक्षण

टाकीतील पाण्याची पातळी किंवा शेतातील पंप बंद पडल्याची वार्ता लघुसंदेशाने कळविणारी उपकरणे हौशी मंडळी घरी तयार करतात. त्यांत सिमकॉम कंपनीचे सिम८००एल हे जीएसएम मॉड्यूल पुष्कळदा योजिले जाते. ते एरवी सुरळीत चालते आणि ऐन संदेश पाठविण्याच्या वेळी बंद पडते, असा अनुभव वारंवार येतो. दोषाचा शोध बहुधा प्रोग्रॅममध्ये घेतला जातो. तो पुष्कळदा वीजपुरवठ्यात असतो. त्याचे कारण जीएसएम पद्धतीतील कालविभागणीत सापडते.

या पद्धतीत ४.६१५ मिलिसेकंदांच्या प्रत्येक चौकटीचे आठ भाग पाडलेले असतात. संभाषण चालू असता मॉड्यूल त्यांपैकी एकाच भागात, म्हणजे सुमारे ०.५७७ मिलिसेकंद, प्रक्षेपण करते. तेवढ्या अवधीत त्याची मागणी २ अँपिअरपर्यंत चढते. साधा मल्टिमीटर सरासरी दाखवितो; त्यामुळे हा आवेग त्यावर काहीशे मिलिअँपिअर इतकाच भासतो.

मॉड्यूलला ३.४ ते ४.४ व्होल्ट दाब लागतो. अर्थात ३.३ व्होल्टांचा पुरवठा अपुरा व ५ व्होल्टांचा घातक ठरतो. एकच लिथियम घट त्यास सोयीचा; परंतु घट, तारा व जोडण्या यांचा एकूण रोध ०.३ ओहम धरला, तरी २ अँपिअरच्या आवेगात ०.६ व्होल्टांची घट येते आणि ४ व्होल्टांचे ३.४ व्होल्ट होतात. म्हणून तारा आखूड व जाड असाव्यात.

धारित्र, म्हणजेच कपॅसिटर, जोडल्याने हा प्रश्न सुटतो असे मानले जाते. ते अंशतःच खरे आहे. पुरवठा ०.५ अँपिअर देत असेल, तर उरलेले १.५ अँपिअर धारित्राने द्यावयाचे. दाब अर्ध्या व्होल्टापेक्षा अधिक ढळू नये अशी अट घातल्यास सुमारे १,७०० मायक्रोफॅरड लागतात. मॉड्यूलच्या अगदी जवळ बसविलेले, अल्प अंतर्गत रोधाचे धारित्रच येथे उपयोगी पडते.

निरीक्षणासाठी मॉड्यूलशी बोलण्याची भाषा १९८१ मधील हेज स्मार्टमोडेमपासून चालत आलेली आहे. तिच्यातील आज्ञा ‘एटी’ या अवधानवाचक संबोधनाने सुरू होतात. ‘एटी+सीएसक्यू’ या आज्ञेस ० ते ३१ या अंकांत संकेतबल मिळते. ९९ म्हणजे अज्ञात. ‘एटी+सीबीसी’ पुरवठ्याचा दाब मिलिव्होल्टांत सांगते. ही दोन्ही उत्तरे एकत्र वाचली पाहिजेत. कारण संकेत क्षीण असेल तेथे जाळे मॉड्यूलला अधिक शक्तीने प्रक्षेपण करावयास लावते व आवेगही वाढतो. घरात निर्दोष ठरलेले उपकरण दूरच्या शेतात का थांबते, याचा उलगडा येथे होतो.

तथापि ‘एटी+सीबीसी’चे उत्तर समाधानकारक आले म्हणून पुरवठा निर्दोष ठरत नाही. अर्ध्या मिलिसेकंदाची दाबघट त्या उत्तरात उमटेलच असे नाही, आणि दाब एकाएकी कोसळल्यास मॉड्यूलला सूचना देण्याइतकीही उसंत मिळत नाही. अशा वेळी न विचारता आलेला शब्द अधिक बोलका असतो. संदेशवहनाचा वेग ‘एटी+आयपीआर’ने निश्चित केलेला असल्यास मॉड्यूल सुरू होताना ‘आरडीवाय’ असे कळविते. हा शब्द मध्येच आला, तर मॉड्यूल बंद पडून पुन्हा सुरू झाले असे समजावे. नियंत्रकाने त्याची वेळ व त्यापूर्वीचे संकेतबल नोंदवावे, आणि मग ऑसिलोस्कोप मॉड्यूलच्या टोकांशीच लावून प्रक्षेपणाच्या क्षणीचा दाब पाहावा. पुरवठ्याची खरी परीक्षा त्या क्षणीच होते.