किल्ला बांधला एकासाठी, वापरला दुसऱ्याच कामाला
(चेकियाचे गडकोट : लेखांक ४)

मागच्या लेखांकात प्रागचा किल्ला पाहिला. राज्यकारभाराचं ठाणं म्हणून तो उभा राहिला आणि आजही चेक प्रजासत्ताकाच्या राष्ट्राध्यक्षांचं कार्यालय तिथेच आहे. असं सलग नशीब फार थोड्या किल्ल्यांच्या वाट्याला येतं. चेकियातले बाकीचे मोठे किल्ले पाहत गेलं, की वेगळीच गोष्ट हाती लागते. ज्यानं बांधला त्याच्या मनातलं काम एक असतं आणि किल्ल्याच्या हातून घडतं ते भलतंच.

कार्लश्टेनपासून सुरुवात करू. प्रागच्या मुख्य स्टेशनातून लोकल पकडली की गाडी बेरोउन्का नदीचा काठ धरून निघते आणि साधारण चाळीस मिनिटांत गावात पोचते. स्टेशन नदीच्या एका तीरावर, किल्ला दुसऱ्या. पूल ओलांडायचा आणि गावातल्या दुकानांच्या, खानावळींच्या रांगांमधून चढ चढायचा. वर झाडीतून टोकदार छपरं दिसू लागतात आणि बहुतेक कॅमेरे तिथेच बाहेर निघतात.

ती छपरं मात्र मध्ययुगातली नाहीत. १८८७ ते १८९९ या काळात योसेफ मोकर या वास्तुविशारदानं किल्ल्याचा जीर्णोद्धार केला. गॉथिक किल्ला कसा असावा याबद्दल त्याच्या काळाची जी कल्पना होती, तिच्याबरहुकूम त्यानं काम केलं आणि मधल्या शतकांचे फेरफार पुसून टाकले. त्यासाठी त्याच्यावर झालेली टीका रास्त आहे. पण बुरुजांची जागा आणि त्यांची चढती मांडणी मूळची आहे आणि कार्लश्टेन समजून घ्यायचा तो त्या मांडणीवरूनच.

१३४८ साली, म्हणजे प्रागचं विद्यापीठ स्थापन केलं त्याच वर्षी, चौथ्या चार्ल्सनं या किल्ल्याचा पाया घातला. खिंड अडवायची किंवा सरहद्द राखायची, असा इथे हेतू नव्हता. कार्लश्टेन ही तिजोरी होती. पवित्र रोमन साम्राज्याचा मुकुट, तलवार, पवित्र भाला आणि संतांचे अवशेष ठेवायला बांधलेली. म्हणून सगळा किल्ला पायऱ्यापायऱ्यांनी चढत जातो. सर्वांत खाली विहिरीचा बुरूज, त्याच्या वर सम्राटाचा वाडा, मग मेरीचा बुरूज आणि माथ्यावर साठ मीटर उंचीचा मोठा बुरूज, म्हणजे इथला बालेकिल्ला. मौल्यवान वस्तू जितकी पवित्र तितकी वर.

खालच्या विहिरीपाशी थोडं थांबावं. सुमारे ८० मीटर खोदूनही तिला जिवंत झरा लागला नाही. शेवटी खाणकामगारांनी जवळच्या ओढ्याचं पाणी जमिनीखालून आणून तिच्यात सोडलं. दिसायला ती विहीर असली तरी खरा तो खोल हौद. शत्रूला याचा पत्ता लागला असता, तर ओढा अडवूनच त्यानं किल्ला तहानेनं जेरीला आणला असता. त्यामुळे गुपित राखणं भागच होतं. वर माणूस आत उभा राहील एवढं लाकडी चाक आहे. माणसं त्याच्या आत शिरून चालू लागली की चाक फिरायचं, दोर गुंडाळला जायचा आणि पाण्याचं भांडं वर यायचं. एवढ्या उंच किल्ल्याची तहान माणसाच्या पावलांवर भागत होती, हे ते चाक पाहिल्यावर नीट उमगतं.

मोठ्या बुरुजात होली क्रॉसचं प्रार्थनाघर आहे. तिकडे जायला वेगळं तिकीट लागतं, आगाऊ नोंदणी करावी लागते आणि एका वेळी थोड्याच लोकांना आत सोडतात, कारण माणसांच्या श्वासातली वाफही त्या चित्रांना सोसत नाही. छत सोन्याच्या मुलाम्याचं, त्यावर काचेचे तारे. भिंतींच्या खालच्या भागात सोनेरी गिलाव्यात जास्पर, अकीक, अमेथिस्ट यांच्या घासून चकचकीत केलेल्या चकत्या बसवल्या आहेत. त्यांच्या वर दरबारी चित्रकार थिओडोरिक यानं रंगवलेली संतांची १२९ चित्रं आहेत.

ही चित्रं जवळून पाहावीत. संतांचे चेहरे सपाट किंवा एकाच साच्यातले नाहीत. जाड नाकं, जड पापण्या, मांसल हात; बाजारात भेटलेल्या माणसांसारखे ते दिसतात. काहींच्या वस्त्राची कड चौकटीत मावत नाही, म्हणून थिओडोरिकनं ती सरळ लाकडी चौकटीवरच रंगवत नेली आहे. चौकटींमध्ये खोबण्या आहेत. त्या त्या संताचे अवशेष त्यांत ठेवलेले असत. म्हणजे भाविकासमोर नुसतं चित्र नव्हतं, तो संत तिथे हजर आहे अशी त्याची श्रद्धा होती. प्रागच्या राष्ट्रीय संग्रहालयांमध्ये कितीही गॉथिक चित्रं पाहिली तरी या खोलीची सर त्यांना येत नाही, कारण इथली चित्रं ज्या भिंतीसाठी काढली त्याच भिंतीवर आहेत.

आणि तिजोरी म्हणून कार्लश्टेन किती काळ टिकला? पाऊण शतकही नाही. हुसपंथीय धर्मसुधारकांच्या युद्धांचा वणवा बोहेमियात पेटला तेव्हा, १४२१ साली, चार्ल्सचा मुलगा सिगिस्मुंड यानं साम्राज्याचे राजचिन्ह-अलंकार हंगेरीत हलवले. १४२४ मध्ये ते न्युरेम्बर्गला गेले आणि आज ते व्हिएन्नात आहेत. किल्ल्याला वेढा पडला तो अलंकार हलवल्यावर, १४२२ मध्ये. लिथुआनियाचा राजपुत्र सिगिस्मुंड कोरिबुट याच्या नेतृत्वाखाली प्रागकर मे ते नोव्हेंबर किल्ल्याभोवती बसून राहिले. दगड फेकणाऱ्या यंत्रांनी त्यांनी तटाआड नुसते धोंडे टाकले नाहीत, मेलेल्या जनावरांची धडं आणि मैल्यानं भरलेली पिंपंही टाकली. आत रोगराई माजावी आणि रक्षकांनी दारं उघडावीत, हा डाव. रक्षक हटले नाहीत आणि अखेर तह होऊन वेढा उठला. जे लुटायला यावं असं सर्वांत मोठं धन त्या वेळी किल्ल्यात नव्हतंच.

तोफा आल्यावर अशा उंच बुरुजांचं दिवाळं वाजलं. उंच भिंत म्हणजे तोफेला सोपं निशाण. मोराव्हियातल्या ब्रनो शहराच्या टेकडीवरचा श्पिलबेर्क हा या संक्रमणाचा साक्षीदार. तेराव्या शतकात राजाचा वाडा म्हणून तो बांधला गेला. १६४५ साली सेनापती तोर्स्तेन्सनच्या स्वीडिश फौजेनं ब्रनोला वेढा घातला, तेव्हा शहर आणि किल्ला यांनी मिळून उन्हाळाभर दम काढला. बचावाचा प्रमुख राडुई द सूश हा फ्रेंच ह्युगनॉट आणि पूर्वी स्वीडनच्याच चाकरीत राहिलेला, त्यामुळे समोरच्याची रीत त्याला पुरती ठाऊक होती. दुपारपर्यंत शहर पडलं नाही तर वेढा उठवीन, असं तोर्स्तेन्सन म्हणाला आणि ब्रनोकरांनी बाराचे टोल अकरालाच देऊन टाकले, अशी दंतकथा आहे. ती खरी असो वा नसो, पेत्रोव्ह टेकडीवरच्या कॅथेड्रलमध्ये दुपारची घंटा आजही अकराला वाजते.

पुढे श्पिलबेर्कभोवती जाड तटबंदी उठली आणि तिच्या पोटात विटांच्या लांबलचक कमानी, सैनिकांनी तोफगोळ्यांपासून आसरा घ्यावा म्हणून. १७८३ मध्ये सम्राट दुसरा जोसेफ यानं तिथे तुरुंग केला. तळमजल्यातल्या काळोख्या कोठड्यांत जन्मठेपेचे कैदी साखळ्यांनी जखडलेले असत. ही शिक्षा दुसऱ्या लिओपोल्डनं १७९० मध्ये बंद केली. नंतर आले राजकीय कैदी. इटालियन कवी सिल्व्हिओ पेलिको १८२२ ते १८३० इथे होता आणि त्यानं लिहिलेल्या तुरुंगाच्या आठवणी १८३२ मध्ये छापल्या गेल्या तेव्हा ऑस्ट्रियाची युरोपभर नाचक्की झाली. १८०९ मध्ये नेपोलियनच्या फौजेनं तटबंदीचा बराच भाग उडवला होता. किल्ला म्हणून श्पिलबेर्क तेव्हाच संपला, तुरुंग म्हणून मात्र चालू राहिला. आज तिथे शहराचं संग्रहालय आहे आणि त्या कमानींखालून फिरता येतं.

याच दुसऱ्या जोसेफनं प्रशियाच्या भीतीनं उत्तर बोहेमियात दोन नवे कोट उभे केले : योसेफोव्ह आणि तेरेझीन. दोन्हींचं काम १७८० मध्ये सुरू झालं. कार्लश्टेन पाहून इथे आलेला माणूस गोंधळतो, कारण किल्ला दिसतच नाही. दिसतात गवताळ उतार आणि विटांच्या ठेंगण्या भिंती. तोफेचा गोळा दगडी भिंत फोडतो, पण मातीच्या जाड भरावात रुततो, म्हणून तट जमिनीसरसा आणि मातीनं भरलेला. त्याची टोकं चांदणीच्या आकारात बाहेर काढलेली, म्हणजे एका टोकावरच्या तोफा शेजारच्या टोकाची भिंत झाडून काढू शकतात आणि भिंतीच्या पायथ्याशी शत्रूला लपायला कुठेच जागा उरत नाही. बाहेर पाण्यानं भरता येणारे खंदक. आणि जमिनीखाली भुयारं, शत्रू वर येऊन बसला की त्याच्या पायाखाली सुरुंग उडवायला. योसेफोव्हची भुयारं सुमारे ४५ किलोमीटर भरतात. आता पर्यटक मेणबत्ती हातात घेऊन त्यातल्या काही भागात फिरतात.

एवढ्या हुशारीनं बांधलेल्या या कोटांना वेढा कधी पडलाच नाही. १८६६ मध्ये प्रशियाची फौज आली, पण तिनं दोन्हींना वळसा घातला आणि ह्रादेत्स क्रालोव्हेजवळच्या मोकळ्या मैदानात युद्धाचा निकाल लावला.

तेरेझीनच्या नशिबी त्याहून वाईट होतं. ओह्रे नदीच्या एका बाजूला तटबंद गाव आणि दुसऱ्या बाजूला छोटा किल्ला, अशी त्याची रचना आहे. छोटा किल्ला लवकरच तुरुंग झाला. सारायेव्होत आर्चड्यूक फ्रान्झ फर्डिनांडवर गोळ्या झाडणारा गाव्ह्रिलो प्रिन्सिप इथल्या कोठडी क्रमांक १ मध्ये होता. वय वीसच्या आत असल्यामुळे त्याला फाशी देता आली नाही. २८ एप्रिल १९१८ ला तो क्षयानं गेला. जून १९४० पासून हाच छोटा किल्ला गेस्टापोचा तुरुंग झाला. आजचे पाहुणे तिथे जमिनीखालच्या अर्धा किलोमीटरच्या बोळातून चालतात. बोळ इतका अरुंद, की एकामागून एकच माणूस जावा. भिंतीतल्या बारीक जंग्यांमधून मधूनच उजेडाची चीर आत येते आणि बोळ संपतो त्याच्या जवळच कैद्यांना गोळ्या घालण्याची जागा आहे.

नोव्हेंबर १९४१ मध्ये नाझींनी नदीपलीकडच्या गावाचं ज्यूंसाठी घेट्टो केलं. तट, खंदक, मोजकेच दरवाजे, ओळीनं सैनिकी बराकी. कोंडण्यासाठी लागणारं सगळं दीडशे वर्षांपूर्वीच बांधून तयार होतं. जिथे युद्धापूर्वी सैनिक धरून सात हजारांच्या आसपास माणसं राहत, तिथे सप्टेंबर १९४२ मध्ये ५८ हजारांच्या वर माणसं कोंबलेली होती. सुरुवातीला कैदी बोहुशोव्हित्से स्टेशनात उतरून सामान घेऊन पायी येत. १९४३ मध्ये रुळच गावापर्यंत आणले गेले. युद्ध संपेपर्यंत एक लाख चाळीस हजारांच्या वर लोक इथे आणले गेले. सुमारे ३३ हजार इथेच उपासमारीनं आणि रोगांनी मेले आणि सुमारे ८८ हजारांना पूर्वेकडच्या मृत्युछावण्यांकडे पाठवलं गेलं.

२३ जून १९४४ ला रेडक्रॉसचं पथक पाहणीला आलं. त्याआधी महिनाभर, गर्दी कमी दिसावी म्हणून, सात हजारांवर माणसं ऑशविट्झला रवाना केली होती. भिंती रंगवल्या, बागा लावल्या, मुलांकडून ‘ब्रुंदिबार’ हा हान्स क्रासाचा ऑपेरा करून घेतला. पथकानं समाधान व्यक्त केलं. क्रासाला त्याच वर्षी ऑशविट्झमध्ये मारण्यात आलं.

गावातल्या जुन्या शाळेच्या इमारतीत आता घेट्टोचं संग्रहालय आहे आणि तेरेझीनला जाणाऱ्यानं छोटा किल्ला पाहून परत फिरू नये, इथे यावंच. याच इमारतीत एल-४१७ या नावानं मुलग्यांचं वसतिगृह होतं. त्यांनी ‘वेदेम’ नावाचं साप्ताहिक काढलं. छपाई शक्यच नव्हती, म्हणून एकच प्रत आणि ती शुक्रवारी संध्याकाळी सगळ्यांसमोर वाचून दाखवायची. संपादक पेत्र गिंझ चौदा वर्षांचा. लेख, कविता, घेट्टोतल्या रुग्णालयात किंवा शवागारात फेरफटका मारून लिहिलेली वार्तापत्रं, असं सगळं त्यात आहे. बारा-पंधरा वर्षांची ती मुलं रोजचं मरण वार्ताहराच्या नजरेनं टिपत होती. पेत्रला १९४४ मध्ये ऑशविट्झला नेलं, तो परतला नाही. अंकांची शेकडो पानं मात्र तेरेझीनमध्येच लपवून ठेवली होती, ती वाचली. चंद्रावरून पृथ्वी कशी दिसेल याचं पेत्रनं काढलेलं चित्र आहे. त्याची प्रत इस्रायली अंतराळवीर इलान रामोन २००३ मध्ये कोलंबिया यानातून बरोबर घेऊन गेला होता.

गावातच एका घराच्या मागच्या अंगणात छोटी कमानदार खोली आहे. कैद्यांनी तिथे गुपचूप प्रार्थनास्थळ केलं होतं. ओलीनं पापुद्रे सुटलेल्या भिंतींवर हिब्रू ओळी आणि छतावर तारे अजून वाचता-पाहता येतात. त्या अंगणात गटागटानं न जाता दोघांतिघांनी जावं.

प्रागहून तेरेझीन बसनं तासाभराच्या अंतरावर आहे, पण दोन्ही बाजू पाहायच्या तर पूर्ण दिवस हवा. कार्लश्टेनसारखे सरकारी किल्ले बहुधा सोमवारी बंद असतात, हिवाळ्यात अनेक ठिकाणी फक्त शनिवार-रविवारी दारं उघडतात आणि आतली दालनं मार्गदर्शकाबरोबरच पाहावी लागतात.

या देशानं शेवटची तटबंदी उभारली ती काँक्रीटची. १९३५ पासून जर्मनीच्या सरहद्दीवर, फ्रान्सच्या माजिनो रेषेचा धडा गिरवत, हजारो छोटी खंदकघरं आणि ओर्लित्स्के डोंगरांत बोउदा, हानिच्का यांसारखे डोंगराच्या पोटातले कोट बांधायला घेतले. काही ठिकाणी तोफा अजून बसायच्या होत्या, तोच सरहद्दीचा भाग जर्मनीला देणारा म्युनिकचा करार झाला आणि सैनिकांना एकही मोठी लढाई न लढता मोर्चे सोडावे लागले. बोउदावर पुढे जर्मनांनी काँक्रीट फोडणाऱ्या दारूगोळ्याच्या चाचण्या घेतल्या. त्यांच्या खुणा भिंतींवर आहेत. या भुयारांत भर उन्हाळ्यातही थंडी असते, तेव्हा जाताना स्वेटर न्यावा. आणि लहान खंदकघरं दिसली तर तीही चुकवू नयेत. त्यांपैकी अनेकांची डागडुजी गावोगावच्या हौशी मंडळांनी स्वखर्चानं केली आहे आणि सुट्टीच्या दिवशी तीच माणसं आतली मशीनगनची जागा, हवेचा हातपंप आणि टेलिफोनची तार दाखवायला उभी असतात.

(पुढील लेखांकात : चेस्की क्रुमलोव्ह, खंदकातली अस्वलं आणि १७६६ चं नाट्यगृह)