गोळी घेतली तर उपास मोडतो का?

कॅथलिक चर्चच्या १९८३च्या धर्मसंहितेत ९१९ क्रमांकाचं कलम आहे. कम्युनियन, म्हणजे मिस्सेत (चर्चमधल्या उपासनेत) मिळणारा पवित्र प्रसाद, घेण्याआधी किमान तासभर काही खाऊपिऊ नये, पाणी आणि औषध मात्र चालेल, असं ते सांगतं. त्याच कलमात पुढे वृद्ध, आजारी आणि आजाऱ्यांची शुश्रूषा करणारे यांना ही तासाभराची अटही सोडून दिली आहे. कलम वाचायला अर्धं मिनिट लागतं. पण त्यात औषधाला जागा मिळायला कित्येक शतकं जावी लागली. ती कशी गेली हे शोधत बसण्याचा नाद मला फार वर्षांपासून आहे, आणि दिवाळी अंकाच्या संपादकांनी पानांची मर्यादा सैल ठेवल्यामुळे आज तो मनसोक्त पुरवून घेणार आहे.

नाद लागला तो आजीमुळे. आजी वसईची. घरामागे केळीची आणि पानवेलींची वाडी, पुढे चर्चकडे जाणारी पाणंद. पहाटेची मिस्सा तिने कधी चुकवली नाही. तिच्या तरुणपणी नियम असा होता की कम्युनियन घ्यायचं तर मध्यरात्रीपासून पोटात काही जाता कामा नये. अन्न नाही, चहा नाही, पाण्याचा थेंबही नाही. आजीला दमा होता. रात्री दम लागला की आडुळशाचा काढा घ्यावा लागे आणि मग सकाळी सगळ्या बायका उठून वेदीकडे गेल्या की ही एकटी बाकावर बसून राही. ‘मी काय पाप केलं होतं? खोकला आला होता,’ असं ती आम्हाला सांगायची. पुढे नियम बदलला तरी सकाळी चूळ भरताना ती मान पूर्ण खाली घालायची, पाणी घशाकडे जाऊ नये म्हणून. ती सवय शेवटपर्यंत गेली नाही.

आता हा नियम आला कुठून? उपाशीपोटी कम्युनियन घेण्याची प्रथा जुनी आहे. चौथ्या-पाचव्या शतकातल्या संत ऑगस्टीनच्या काळी ती सगळीकडे रूढ झालेली होती. त्यामागची भावना समजण्यासारखी आहे: त्या दिवशी तोंडात जाणारा पहिला घास प्रभूचा असावा. पण भावनेचा नियम झाला की कलमं-उपकलमं आली, आणि तेराव्या शतकात संत थॉमस अक्वायनस यांच्या हाती प्रश्न गेल्यावर त्याची अगदी बारीक चिरफाड झाली.

थॉमस यांचं उत्तर दोन ठिकाणी आहे आणि दोन्हीकडे वेगळं आहे. मला या सगळ्या इतिहासात सर्वांत जास्त रस इथेच वाटतो. उपवासकाळातल्या, म्हणजे ईस्टरआधीच्या चाळीस दिवसांतल्या, उपवासाबद्दल लिहिताना ते म्हणतात, औषधाने तो मोडत नाही. मधात घोटलेले पाचक अवलेह तेव्हा युरोपात लोक सर्रास चाटत असत. त्यांच्याबद्दल थॉमस सांगतात की त्यातून थोडं पोषण होतं खरं, पण ते पोट भरण्यासाठी घेतले जात नाहीत, म्हणून चालतील. मात्र कुणी लबाडीने अन्नाऐवजी तेच भरपूर खाल्ले तर चालणार नाही. आपल्याकडे च्यवनप्राशाचा चमचा आणि च्यवनप्राशाची बरणी यांत जो फरक करावा लागेल, तोच त्यांनी केला. कम्युनियनपूर्वीच्या उपवासाबद्दल मात्र त्यांची भूमिका कडक आहे. तिथे पाणी, अन्न किंवा औषध, कितीही थोडं घेतलं तरी उपवास मोडला. दातांत अडकलेला कण किंवा चूळ भरताना राहिलेला थेंब लाळेबरोबर नकळत गिळला गेला तर तेवढी सूट. आजीची चूळ भरण्याची धास्ती या हिशोबाने अनाठायी होती, पण तिला ते सांगणार कोण?

पुढच्या धर्मपंडितांनी तीन कसोट्या ठरवल्या. वस्तू बाहेरून आत गेली पाहिजे, ती पचण्यासारखी पाहिजे आणि ती खाण्यापिण्याच्या रीतीने घेतलेली पाहिजे. तिन्ही जमल्या तर उपवास मोडला. या कसोट्या विसाव्या शतकात आणून पाहा. जानेवारी १९२२मध्ये टोरंटोत पहिल्यांदा मधुमेही रुग्णाला इन्शुलिन टोचलं गेलं. नियमाच्या तर्काने पहाटे इन्शुलिन टोचून घेणाऱ्याचा उपवास शाबूत राहतो, कारण सुई म्हणजे खाणंपिणं नव्हे. पण त्या इन्शुलिनने साखर खाली गेली, घाम फुटला, हात थरथरू लागले म्हणून त्याने चमचाभर साखर तोंडात टाकली, की उपवास मोडला. माणसाचा जीव ज्या चमच्यावर अवलंबून, नेमका तोच नियमाच्या आड येतो.

मध्यरात्र कुणाच्या घड्याळाची, यावरही खल झाला. १९१७च्या धर्मसंहितेने ठरवलं की उपवासापुरती स्थानिक वेळ धरा किंवा कायद्याने ठरलेली प्रमाणवेळ धरा, दोन्ही चालतील. मुंबईकरांसाठी याचा अर्थ फार गमतीचा होतो. भारतीय प्रमाणवेळ १९०६मध्ये आली, तरी मुंबईने आपली ‘बॉम्बे टाइम’ १९५५पर्यंत धरून ठेवली होती आणि ती प्रमाणवेळेच्या ३९ मिनिटं मागे होती. म्हणजे आमच्या भागातल्या आजाऱ्याला स्थानिक वेळ धरून मध्यरात्र ३९ मिनिटं पुढे ढकलता आली असती आणि रात्रीच्या औषधाचा शेवटचा घोट नियमात बसवता आला असता. हा हिशोब मला सुचला त्या दिवशी मी किती खूश होतो!

आणखी एक आडवाट. सतराव्या शतकात स्पेन आणि मेक्सिकोत चॉकलेटचं वेड पसरलं. चॉकलेट तेव्हा वडीच्या रूपात नव्हे, पेय म्हणून घेत, आणि पोट दुखलं तरी वैद्य तेच सुचवीत. मग उपवासाला ते चालतं का? अंतोनियो दे लिओन पिनेलो या विद्वानाने १६३६मध्ये माद्रिदला या एकाच प्रश्नावर आख्खं पुस्तक छापलं. १६६४मध्ये कार्डिनल ब्रांकाच्चो यांनी रोममध्ये चॉकलेटच्या बाजूने कौल दिला: पेयाने उपवासकाळातला उपवास मोडत नाही. अनेकांना हा वाद रिकामटेकडा वाटतो. मला नाही वाटत. अन्न, पेय आणि औषध यांच्या सीमारेषा शोधण्यासाठी विद्वान आयुष्य खर्च करत होते आणि त्या रेषेच्या दोन्ही बाजूंना खरीखुरी माणसं भुकेली बसलेली होती.

दार किलकिलं झालं ते १९०६च्या डिसेंबरात. पोप दहावे पायस यांनी परवानगी दिली की महिनाभर अंथरुणाला खिळलेल्या आणि लवकर बरं होण्याची आशा नसलेल्या रुग्णाने पातळ काही घेतलं असलं तरी त्याला परिस्थितीनुसार आठवड्यातून किंवा महिन्यातून एकदोनदा कम्युनियन द्यावं. १९१७च्या संहितेत औषधाचाही उल्लेख आला, पण महिन्याची अट तशीच राहिली. आजी खिळलेली कुठे होती? ती दम लागून उठायची, काढा प्यायची आणि सकाळी चालत चर्चला जायची. तिच्यासारख्यांची सुटका ६ जानेवारी १९५३ला झाली. तीन राजांच्या सणाच्या त्या दिवशी पोप बारावे पायस यांनी जाहीर केलं की पाण्याने उपवास मोडत नाही, आणि आजाऱ्याने पापनिवेदन ऐकणाऱ्या धर्मगुरूच्या सल्ल्याने औषध घ्यावं. रात्रपाळीच्या कामगारांचाही त्यात विचार होता. १९५७मध्ये मध्यरात्रीची अट जाऊन घन अन्नासाठी तीन तास आले, औषधाला वेळेचं बंधन उरलं नाही आणि धर्मगुरूला विचारण्याचीही गरज उरली नाही. १९६४च्या नोव्हेंबरात पोप सहावे पॉल यांनी तीन तासांचा एक तास केला. थॉमसपासून इथवर जवळजवळ सातशे वर्षं!

बाकीची पार्श्वभूमी थोडक्यात. उपवासकाळाचे चाळीस दिवस राखेच्या बुधवारपासून सुरू होतात. कॅथलिकांना सक्तीचे उपवास आता दोनच, राखेचा बुधवार आणि गुड फ्रायडे, तेही १८ पूर्ण झालेल्यांपासून साठाव्या वर्षात पाऊल टाकेपर्यंत. दिवसात एक पूर्ण जेवण आणि सकाळ-संध्याकाळ थोडंसं खाणं चालतं. ऑर्थोडॉक्स आणि केरळच्या सीरियन ख्रिस्ती लोकांचे उपवास अधिक लांब. प्रॉटेस्टंटांमध्ये उपवास बहुधा ज्याच्या त्याच्या मर्जीवर. मात्र मेथडिस्ट पंथाचे जॉन वेस्ली उपवासाचे मोठे पुरस्कर्ते होते आणि १७४७मध्ये त्यांनीच गोरगरिबांसाठी घरगुती औषधोपचारांचं पुस्तक लिहिलं. आपल्याकडे मिरजेला प्रेसबिटेरियन डॉक्टर विल्यम वॉनलेस यांनी १८९४मध्ये रुग्णालय उभारलं. औषधाला बायबलातही जागा आहे: संदेष्टा यशया हिज्कीया राजाच्या गळवावर अंजिरांचं पोटीस बांधायला सांगतो, पौल तीमथ्याला पोटासाठी थोडा द्राक्षारस सुचवतो. वैद्याचा मान राखा, औषधं देवानेच जमिनीतून उगवली, असं सांगणारा एक उतारा बेन सिराच्या ग्रंथात आहे. पण तो ग्रंथ कॅथलिक बायबलमध्ये आहे, प्रॉटेस्टंटांच्या ६६ पुस्तकांत नाही.

आता माझ्या दोन आवडत्या संतांकडे येतो. पहिले जेझुइट संघाचे संस्थापक इग्नेशियस लोयोला. १५२२मध्ये कॅटलोनियातल्या मान्रेसा गावी त्यांनी स्वतःवर उपासांचा भडिमार केला. एकदा तर मनाची तगमग शमावी म्हणून आठवडाभर काहीच खाल्लं नाही, शेवटी पापनिवेदन ऐकणाऱ्या धर्मगुरूंनी ‘जेव’ म्हणून आज्ञा केली तेव्हा थांबले. पोटदुखी आयुष्यभर सोबतीला राहिली. १५५६मध्ये ते गेल्यावर प्रख्यात शरीरशास्त्रज्ञ रेआल्दो कोलंबो यांनी शवविच्छेदन केलं, तेव्हा शरीरात खडे सापडले. या माणसाने १५४८मध्ये गांदियाचे ड्यूक फ्रान्सिस बोर्जा यांना पत्र पाठवलं, त्यात उपास आणि देहदंड निम्म्यावर आणा, पोट सांभाळा, असं बजावलं. शरीर देवाचंच आहे, त्याचा हिशोब द्यावा लागेल, हा त्यातला सूर. त्यांचे साथी फ्रान्सिस झेवियर १५४२मध्येच गोव्याला पोहोचले होते, आणि आज आपल्याकडे जेझुइट फादर ध्यानसाधना घेताना ‘विवेक’ हा शब्द वारंवार वापरतात त्याचं मूळ इग्नेशियसच्या या अनुभवात आहे.

दुसरे संत बेझिल, चौथ्या शतकातले, आजच्या तुर्कस्तानातल्या कैसरियाचे बिशप. स्वतः कायमचे आजारी. गावाबाहेर त्यांनी रुग्णांसाठी आणि निराधारांसाठी मोठी वसाहत उभारली. संन्याशांसाठी लिहिलेल्या त्यांच्या नियमावलीत पंचावन्नावा प्रश्न औषधाचा आहे: भक्त माणसाने वैद्याकडे जावं का? बेझिल म्हणतात, जावं. ही विद्या देवानेच दिली, काहीजण तिचा गैरवापर करतात म्हणून ती टाकू नये. पण बरं होण्याची सगळी आशा तिच्यावर टांगू नये, आणि ज्या उपचारापायी सगळं आयुष्य देहाभोवतीच फिरू लागेल तो टाळावा. सोळाशे वर्षांपूर्वीचं हे उत्तर मला आजच्या कुठल्याही पुस्तकापेक्षा उपयोगी वाटतं.

कारण आज प्रश्न पालटला आहे. गोळीला चर्चने केव्हाच मोकळीक दिली, आता माणसंच ती सोडू पाहतात. एका प्रार्थनासभेहून परतल्यावर आमच्या ओळखीतल्या एका बाईंनी फिटच्या गोळ्या बंद केल्या. ‘चाळीस दिवस औषधांचाही उपवास’ असं त्यांनी मनाशी ठरवलं होतं. तिसऱ्या आठवड्यात त्या स्वयंपाकघरात कोसळल्या, हात भाजला. गेल्या काही वर्षांत गुड फ्रायडेच्या दुपारी उन्हात क्रुसाच्या वाटेची भक्ती चालू असताना मी स्वतः एका मावशींना खाली बसवलं आहे. पदर घामाने चिंब, बोलणं अडखळतं, नजर लागत नाही. पर्समध्ये ग्लिमेपिराइडची पट्टी, त्यातली सकाळची गोळी घेतलेली, आणि पोटात काही नाही. पाण्यात साखर कालवून पाजली, पाच-दहा मिनिटांनी त्यांनी स्वतःचं नाव सांगितलं.

ग्लिमेपिराइड, ग्लिक्लाझाइड आणि इन्शुलिन उपाशीपोटी साखर धोकादायक पातळीपर्यंत उतरवू शकतात. एकटं मेटफॉर्मिन सहसा तसं करत नाही. डॅपाग्लिफ्लोझिनसारख्या नव्या गोळ्या घेऊन लांब उपास केला तर साखर फार वाढलेली नसतानाही रक्तात आम्ल साचू शकतं. लिथियम घेणाऱ्याने पाणी सोडलं की त्याचं रक्तातलं प्रमाण चढतं. फिटच्या आणि स्टेरॉइडच्या गोळ्या एकदम तोडणं धोक्याचं. या गोळ्यांवर अवलंबून राहणं म्हणजे विश्वास कमी पडणं, असं मी कधीच मानणार नाही.

दुसरी बाजूही खरी आहे. झोप यावी म्हणून वर्षानुवर्षं अल्प्राझोलाम, गुडघा जरा कुरकुरला की डायक्लोफिनॅक, अॅसिडिटीची गोळी चहाआधी सवयीने. उपवासकाळात आपण कशाला चिकटून बसलो आहोत हे तपासायचं असेल तर इथे जरूर तपासावं. पण तेही डॉक्टरांना विचारून, हळूहळू, कारण अल्प्राझोलाम अचानक बंद केल्याने झटके येऊ शकतात. ज्याला गोळीमुळे भूक सोसता येत नाही त्याला सोडण्यासारखं इतर पुष्कळ असतं: मोबाइल, तापटपणा, शेजाऱ्याशी धरलेला अबोला. चर्चने तीही वाट मान्य केलेली आहे.

मुस्लिम बांधवांकडून या बाबतीत शिकण्यासारखं आहे. रमजान आणि मधुमेह यावर आंतरराष्ट्रीय मधुमेह महासंघाची मार्गदर्शिका २०१६मध्ये निघाली, २०२१मध्ये तिची सुधारित आवृत्ती आली. रोजे सुरू होण्याच्या सहा ते आठ आठवडे आधी डॉक्टरांना भेटून कोणी रोजा धरावा, कोणी धरू नये, कोणती गोळी केव्हा घ्यावी हे ठरवावं, असं ती सांगते. आपल्या धर्मग्रामांत असं का होऊ नये? आमच्याकडे मी फादरांच्या आणि एका डॉक्टरांच्या मागे लागलो होतो, दोघांनी होकार दिला आहे. येत्या उपवासकाळाच्या महिनाभर आधी एका रविवारी, मोठ्या मिस्सेनंतर, डॉक्टर चर्चच्या हॉलमध्ये बसणार आहेत. येणाऱ्याने चालू गोळ्यांच्या सगळ्या पट्ट्या, मागच्या तपासणीचा कागद आणि घरात जो कोणी औषधं देतो त्याला सोबत आणायचं आहे.